लोण्याचा भाव गोठ्यापर्यंत पोहोचू द्या

प्रति,
मा. मंत्री, दुग्धव्यवसाय विकास, आणि
मा. आयुक्त, दुग्धव्यवसाय विकास,
महाराष्ट्र राज्य.

स. न. वि. वि.

दुधाच्या दरावरची निवेदनं तुमच्याकडे दर हंगामात येतात. हे पत्रही दराबद्दलच आहे, पण दुधातल्या एकाच घटकाबद्दल: फॅट, म्हणजे स्निग्धांश. गाईच्या दुधातल्या फॅटला गोठ्यावर एक भाव आहे, लोण्याच्या बाजारात दुसरा. या दोन भावांचा एकमेकांशी काय हिशेब आहे, हे सांगणारा कागद दूध घालणाऱ्या माणसाच्या हाती कधीच पडत नाही. तो कागद तुम्ही काढावा, दर आठवड्याला काढावा आणि दुधाचा दर त्याला बांधावा, एवढ्यासाठी मी लिहिते आहे.

मी नाशिकला रविवार कारंज्याच्या बाजूला लोणी घेऊन तूप कढवण्याचा धंदा करते. माहेर सिन्नर तालुक्यातलं. भाऊ तिथे गाई सांभाळतो. त्यामुळे दुधाची पावती आणि लोण्याचं बिल असे दोन्ही कागद माझ्या डोळ्यांखालून जातात. ते शेजारी शेजारी ठेवले की जे दिसतं ते खाली मांडते.

आधी पावती. संकलन केंद्रावर कॅन रिकामा होतो, नमुना मशीनला लावतात, पडद्यावर आकडे येतात आणि चिंचोळी चिठ्ठी बाहेर पडते. तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. एसएनएफ म्हणजे पाणी आणि फॅट सोडून दुधात उरणारे घन पदार्थ. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरलेला. २०२४ च्या जानेवारीत अनुदान योजना आणताना शासनाने या पायाच्या खाली किंवा वर जाणाऱ्या प्रत्येक पॉइंटला ३० पैसे वजावट किंवा ३० पैसे वाढ असं ठरवून दिलं. एक पॉइंट म्हणजे ०.१ टक्का. लिटरभर दूध १.०३ किलोच्या आसपास भरतं, म्हणजे एक पॉइंट फॅट हे लिटरमागे जेमतेम एक ग्रॅम. एका ग्रॅमला ३० पैसे म्हणजे किलोला सुमारे २९० रुपये. ही झाली गोठ्यावरची फॅटची किंमत.

आता दुकानातली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लोणी आणि तुपावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. अमूलचं १०० ग्रॅमचं बटर ६२ रुपयांवरून ५८ वर आलं, तूप लिटरमागे ४० रुपयांनी उतरून ६१० वर. बटरमध्ये कायद्याने किमान ८० टक्के दुग्धस्निग्धांश लागतो. ५८ रुपयांतून कर बाजूला काढला तर त्या ८० ग्रॅमचे ५५ रुपये होतात, म्हणजे फॅटला किलोमागे जवळजवळ ६९०. तुपाचा हिशेब केला तरी आकडा ६४० च्या आसपास येतो. पॉइंटच्या भाषेत सांगायचं तर गोठ्यावर ३० पैशांना मोजलेला पॉइंट दुकानात ६५ ते ७० पैशांना विकला जातो.

मधे खर्च आहेच, आणि तो नाकारणारी मी नाही. दूध थंड करायचं, टँकरने आणायचं, मलई वेगळी करायची, लोणी काढायचं, उणे तापमानात साठवायचं, वेष्टन, वाहतूक, वितरकाचं कमिशन, दुकानदाराचा वाटा. मी स्वतः व्यवसाय करते, मला हे आकडे रोज टोचतात. म्हणून दुकानातल्या भावातून सरसकट एक तृतीयांश वजा करून टाका. तरीही पॉइंटला ४५ पैसे उरतात. ३० आणि ४५ मधले १५ पैसे कुठे जातात, एवढाच प्रश्न आहे. लिटरमागे ते किरकोळ वाटतील. पण ज्याच्या दुधाला ४.२ फॅट लागते त्याचे सात पॉइंट वरचे आहेत. त्याला लिटरमागे एक रुपया पाच पैसे कमी मिळतात, रोज, दोन्ही वेळच्या दुधावर.

यावर तुमच्या खात्यातला कोणी जाणकार म्हणेल की पॉइंटची किंमत वाढवली तर कमी फॅटवाल्याची वजावटही वाढेल. बरोबर आहे. पण कमी फॅटवाल्याला आज तरी ३० पैशांचं संरक्षण कुठे मिळतं? माझ्या भावाच्या पावत्यांवर एसएनएफ थोडा घसरला की प्रत्येक पॉइंटला ३० पैशांपेक्षा कितीतरी जास्त कापलेलं मी पाहिलं आहे. उन्हाळ्यात हिरवा चारा संपतो, गाई धापा टाकतात, एसएनएफ खाली येतोच. त्यात शेतकऱ्याची लबाडी नसते. केंद्रावर विचारलं की उत्तर एकच: वरून दरपत्रक असं आलंय. वाढ द्यायची तेव्हा शासनाचा आकडा आणि कापायचं तेव्हा डेअरीचा आकडा, अशी दुहेरी वहीच चालते आहे.

आता माझ्या बाजूचा कागद. लोणी २० किलोच्या खोक्यात येतं, शीतगृहातून निघालेलं, दगडासारखं घट्ट. सुरीने त्याचे चौकोन पाडून कढईत टाकायचे, मंद आचेवर पाणी आटू द्यायचं, तडतड थांबली आणि बेरी बदामी झाली की आच बंद. विड्याचं पान टाकायचं आणि निवू द्यायचं. रवाळ तूप उतरलं की हात जोडावेसे वाटतात. एका खोक्यातून १६ किलोच्या आसपास तूप हाती येतं. या धंद्यात मला कढईची चिंता कधी वाटली नाही. चिंता असते ती सकाळच्या फोनची. लोण्याचा भाव फोनवर ठरतो. तोच माल, तोच दिवस, पण मोठ्या मिठाईवाल्याला एक भाव, मला दुसरा, आणि उधारीवाल्याला तिसरा. आज देशात लोणी कितीला गेलं, दुधाची भुकटी कितीला गेली, हे कुठल्याही सरकारी फलकावर लिहिलेलं नसतं. दूध उत्पादनात जगात पहिल्या असलेल्या देशात लोण्याचा भाव कुजबुजीने कळतो, हे मला पटत नाही.

नाशिकच्या माणसाला तर मुळीच पटू नये. इथून तासा-दीड तासावर लासलगाव आहे. तिथे कांद्याचा लिलाव सर्वांसमोर होतो आणि दुपारपर्यंत किमान, कमाल, सरासरी भाव राज्यभर पोहोचलेला असतो. पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचं तसंच. कांदा उत्पादकाचं दुःख त्याने संपलं असं मी म्हणणार नाही; भाव पडले की तो रस्त्यावर येतोच. पण तो आकडा घेऊन येतो. काल काय होतं, आज काय आहे, दुसऱ्या बाजार समितीत काय आहे, हे त्याला तोंडपाठ असतं. दूधवाल्याच्या हातात फक्त चिठ्ठी असते, आणि चिठ्ठीवरचा दर का बदलला याचं कारण तिच्यावर छापलेलं नसतं.

कारण मात्र असतं. दुधाचे दोन बाजार आहेत. एक फॅटचा: लोणी, तूप, मलई. दुसरा एसएनएफचा: भुकटी. शंभर लिटर गाईच्या दुधातून साडेतीन किलोहून थोडं अधिक फॅट आणि पावणेनऊ किलोच्या आसपास एसएनएफ निघतो. या दोन बाजारांच्या चाली वेगळ्या. जुलै २०२३ मध्ये शासनाच्या समितीने ३४ रुपये लिटर दर ठरवला. सहा महिन्यांत भुकटी कोसळली आणि दर २७ पर्यंत उतरले, मग पाच रुपयांचं अनुदान आलं. जुलै २०२४ मध्ये दर ३० अधिक अनुदान ५, ऑक्टोबरमध्ये २८ अधिक ७. या सगळ्या काळात मी लोणी विकत घेत होते. लोणीही उतरलं होतं, पण भुकटी जितकी पडली तितकं पडलं नव्हतं. शेतकऱ्याच्या पावतीवर मात्र अख्खं लिटरच पडलं. भुकटीच्या मंदीचा भार त्या फॅटवरही टाकला गेला, ज्याला गिऱ्हाईक होतं. आणि किरकोळ दुकानातलं बटर त्या दिवसांत स्वस्त झाल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

फॅट आणि एसएनएफ यांना वेगवेगळा, बाजाराशी बांधलेला भाव असता तर हे झालं नसतं. भुकटी पडली तर तेवढाच भाग उतरला असता.

आणखी एक परिणाम आहे, जो सावकाश होतो म्हणून दिसत नाही. फॅट वाढवायला खर्च येतो. चांगला कोरडा चारा, सरकी पेंड, रवंथ नीट होईल असा आहार. बारा लिटर देणाऱ्या गाईचं दूध ३.५ वरून ४ वर नेलं तर शेतकऱ्याला दिवसाचे १८ रुपये जास्त मिळतात. तेवढ्यात किती पेंड येते, हे तुमच्या पशुवैद्यकाला विचारा. साहजिकच तो फॅटच्या मागे लागत नाही, लिटरच्या मागे लागतो. हे माझ्या एकट्या भावापुरतं नाही, गावच्या गावं असा विचार करतात. आणि मग देशात एखाद्या वर्षी भुकटीचे ढीग पडतात आणि दुसऱ्या वर्षी लोणी मिळत नाही. २०२२ च्या शेवटी दुकानांतून बटर गायब झालं होतं, ते गिऱ्हाइकांना आठवत असेल. २०२३ च्या एप्रिलमध्ये, जनावरांच्या लम्पी रोगाच्या साथीनंतर उत्पादन थबकलं म्हणून, केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने लोणी-तूप आयातीचा विचार बोलून दाखवला. शरद पवारांनी केंद्रीय मंत्र्यांना पत्र लिहून विरोध केला. आयात झाली असती तर पुष्टकाळात, म्हणजे दूध भरपूर असताना, त्या साठ्याने भाव पाडला असता. म्हणून विरोध योग्यच होता. पण टंचाई का आली, याची चर्चा तिथेच थांबली.

बाहेरच्या लोण्यावर ४० टक्के आयात शुल्क आहे. ते असायलाच हवं. १९७० मध्ये ऑपरेशन फ्लड ही देशातलं दूध वाढवण्याची योजना सुरू झाली तेव्हा युरोपातून मदत म्हणून आलेली भुकटी आणि बटर ऑइल देशी दुधाचा भाव पडणार नाही अशा बेताने विकलं गेलं आणि त्या पैशांतून डेअऱ्या उभ्या राहिल्या. फुकट आलेल्या फॅटचीसुद्धा किंमत राखायची, ही समज या देशात तेव्हा होती. आज शुल्काची ही भिंत शेतकऱ्याच्या नावाने उभी आहे. मग भिंतीच्या आत लोण्याला जो चढा भाव मिळतो, त्यातला वाटा त्याच्यापर्यंत किती जातो, हे विचारण्याचा त्याला हक्क आहे.

यात नवीन काही शोधायचं नाही. अमेरिकेत मोठ्या प्रक्रियादारांना लोण्याची विक्री आणि भाव दर आठवड्याला कृषी खात्याला कळवावे लागतात. खातं ते एकत्र करून सरासरी छापतं, कुणाचंही नाव न देता. त्या सरासरीवरून दुधातल्या फॅटचा भाव काढायचं सूत्र जाहीर आहे: लोण्याच्या भावातून ठरलेला प्रक्रिया खर्च वजा करायचा आणि १.२११ ने गुणायचं, कारण एक पौंड फॅटपासून तेवढं लोणी बनतं. जून २०२५ पासून तो प्रक्रिया खर्च पौंडाला १७.१५ सेंटवरून २२.७२ सेंट केला गेला. तिथल्या शेतकऱ्यांना ही वाढ आवडली नाही, त्यांनी सुनावण्यांमध्ये आपलं म्हणणं मांडलं. मला त्यातलं हेच महत्त्वाचं वाटतं: भांडण आकड्यावर झालं, कारण आकडा समोर होता. न्यूझीलंडच्या मालाचा लिलाव तर २००८ पासून जाहीरपणे होतो आणि लोण्याचा भाव जगभर वाचता येतो. गुजरातच्या गावांतल्या मंडळ्या म्हशीच्या दुधाला किलो फॅटप्रमाणे भाव देतात आणि वर्षअखेरीस भावफेर, म्हणजे नफ्यातला दूध घालणाऱ्याचा वाटा, वाटतात. आपल्याकडे उसाला हेच तत्त्व लागू आहे. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा उत्पादकाचा, असं सुचवलं, आणि महाराष्ट्राने २०१३ मध्ये त्यासाठी कायदा केला. निफाडचा शेतकरी ऊस घालतो तेव्हा साखरेचा उतारा आणि साखरेचा भाव त्याच्या हिशेबात येतो. तोच शेतकरी त्याच दिवशी दूध घालतो, तेव्हा लोण्याचा भाव का येत नाही?

दूध संघ आणि खासगी डेअऱ्या म्हणतील, भाव हे आमचं व्यापारी गुपित. एकेकाचा भाव गुपित असू द्या. आठवड्याभराची राज्याची सरासरी हे कुणाचंच गुपित नाही. आणि माहिती गोळा होणार नाही असंही नाही. अनुदानासाठी याच डेअऱ्यांनी शेतकऱ्यागणिक दुधाची माहिती ऑनलाइन भरली, जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांच्या नंबरासकट. ज्या संगणकात एकेका गाईचा नंबर भरता आला, त्यात आठवड्याला लोण्याचे आणि भुकटीचे दोन आकडे भरणं कठीण नाही. शासनाला हा व्यवहार परकाही नाही: २०२० च्या टाळेबंदीत राज्याने स्वतः रोज दहा लाख लिटर दूध घेऊन त्याची भुकटी आणि लोणी करून ठेवलं होतं.

भेसळीबद्दल थोडं बोलायला हवं, कारण ती याच भावाशी जोडलेली आहे. ३.५ फॅटच्या दुधातून एक किलो तूप काढायला २७-२८ लिटर दूध लागतं. २०२४ मध्ये तिरुपतीच्या लाडवांच्या तुपावरून गदारोळ झाला, तेव्हा ते तूप सुमारे ३२० रुपये किलोने घेतल्याचं बाहेर आलं. पॉइंटला ३० पैसे, किलोला २९०, असा हिशेब धरला तर ३२० चं तूप कागदावर शक्य वाटतं. लोणी विकत घेणाऱ्या कोणालाही विचारा, त्या वर्षीही त्या पैशांत नुसतं लोणीसुद्धा येत नव्हतं. खरा भाव जाहीर असेल तर निविदा उघडणाऱ्या कारकुनालाही कळेल की हे तूप असू शकत नाही. २०२६-२७ चा सिंहस्थ आपल्या दारात आहे. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला अन्नछत्रांसाठी, प्रसादासाठी, हॉटेलांसाठी तुपाची मागणी किती वाढेल याचा अंदाज आम्हा व्यापाऱ्यांना आत्ताच येतो आहे. स्वस्त ‘तूप’ घेऊन येणारे त्याच अंदाजावर टपलेले असतील. वनस्पती तुपात कायद्याने तिळाचं तेल घालावं लागतं, म्हणून बॉदुइन चाचणीत ते लाल रंग देऊन पकडलं जातं. पण पाम तेल आणि इतर चरबीची सरमिसळ इतकी सहज सापडत नाही. प्रयोगशाळेच्या आधी भाव बोलतो. ज्या दिवशी लोणी अमुक भावाने आहे हे सगळ्यांना माहीत असेल, त्या दिवशी त्याहून स्वस्त तुपाचा डबा उघडण्याआधीच संशय येईल, आणि खरं तूप कढवणाऱ्याला गिऱ्हाइकासमोर भावाची सफाई देत बसावं लागणार नाही.

माझी मागणी अशी. राज्यात परवाना असलेल्या आणि लोणी किंवा भुकटी घाऊक विकणाऱ्या प्रत्येक प्रक्रियादाराने आठवड्याची विक्री आणि भाव तुमच्या खात्याला कळवावा, आणि खात्याने दर सोमवारी राज्याची सरासरी मराठीत जाहीर करावी. ती संकलन केंद्राच्या भिंतीवर लागली पाहिजे, नुसती संकेतस्थळावर नको. प्रक्रिया खर्च किती धरायचा हे ठरवायला शेतकरी, संघ, खासगी डेअरी आणि हिशेब तपासणारा त्रयस्थ अशी समिती नेमा आणि तो खर्च जाहीर करा. त्यावरून फॅटच्या पॉइंटचा आणि एसएनएफच्या पॉइंटचा दर वेगवेगळा काढा, दर महिन्याला बदला, आणि वजावट व वाढ दोन्हीला तोच लावा. पावतीवर हे दोन दर छापणं सक्तीचं करा. फॅट मोजणाऱ्या मशीनची तपासणी वजन-मापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याने अचानक येऊन करावी आणि तिची तारीख मशीनवर चिकटवावी; कारण पॉइंट मौल्यवान झाला की तो चोरण्याचा मोहही वाढणार आहे.

यासाठी तिजोरीतून अनुदानासारखे कोट्यवधी जाणार नाहीत. पुष्टकाळ दिवाळीनंतर सुरू होतो आणि दर तेव्हाच पाडले जातात, म्हणून आदेश दसऱ्यापर्यंत निघावा. माझ्या लोणी खरेदीची बिलं मी तुमच्या खात्याला द्यायला तयार आहे. नाशिकमधले आणखी काही तूपवाले तयार आहेत, आणि भावाकडच्या पावत्याही बांधून ठेवल्या आहेत. खात्याचा माणूस पाठवा, आम्ही सगळं समोर ठेवतो.

आपली,
लोणी-तूप व्यवसाय करणारी एक स्त्री, नाशिक